शेवटचा फर्मा

माझ्या सोळाव्या वर्षी शिरूर गावात सर्वांत हुशार कोण, असं मला कुणी विचारलं असतं, तर मी नम्रपणे जरा थांबले असते आणि मग स्वतःचं नाव सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही म्हणून वाचले. त्या पोरीला घरात वच्छी म्हणत. ती मीच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दूरच्या नात्यातल्या एखाद्या आगाऊ मुलीकडे पाहावं तशी मी आता तिच्याकडे पाहते. दोन वेण्या, लाल रिबिनी, नाक कायम वर, आणि कुणी गोष्ट सांगायला बसलं की दुसऱ्याच वाक्याला ‘मला माहीत आहे पुढे काय होतं’ म्हणायची खोड. ही खोड अजून गेलेली नाही. नातवंडं टीव्हीवर काही बघायला बसली की आधी मला स्वयंपाकघरात पाठवतात.

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, वीस वर्षं एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. वही घेऊन विंगेत उभं राहायचं आणि नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्या कानापर्यंत पोचेल, पण पहिल्या रांगेपर्यंत जाणार नाही, एवढ्याच आवाजात टाकायचा, हे त्यांचं काम. कंपनी मोडली, पण आवाज तसाच राहिला. जेवताना ते आमटीसुद्धा कुजबुजत मागायचे. आई डाव आपटून म्हणायची, “मोठ्यानं मागा हो, इथे काही प्रयोग चाललेला नाही.” मग ते हसायचे, तेही आवाज न करता. त्यांच्या प्रॉम्प्टिंगच्या वह्या एका पत्र्याच्या ट्रंकेत होत्या आणि मी अक्षरं शिकले ती त्या वह्यांवर. कंपनीची बहुतेक नाटकं एकाच जुन्या नाटककाराची. त्याचं नाव मी इथे घालत नाही. आप्पा ते नाव घेताना कानाची पाळी धरत, आणि एका हातानं पाळी धरून दुसऱ्या हातानं लिहिणं मला या वयात झेपत नाही. संध्याकाळी आई चुलीवर बाजरीच्या भाकरी थापायची आणि तिच्या थापांच्या तालावर मी राजे, दिवाण, राण्या, विषाचे पेले असं सगळं घडाघडा म्हणायची. कांद्याची पात, ठेचा आणि राजहत्या, असं आमचं रोजचं जेवण.

कंपनी मोडल्यावर आप्पांना शिरूरच्या ग्रंथालयात ग्रंथपालाची जागा मिळाली. त्या काळात लोक ज्ञानेश्वरीच्या खालोखाल वाचायचे ते ‘त्र्यक्ष’ या टोपणनावाच्या लेखकाच्या रहस्यकथा. दौंड स्टेशनच्या पुस्तकांच्या दुकानात त्या मुंबईच्या गाडीनं यायच्या आणि तिथून एस. टी.नं शिरूरला. पण रहस्यकथा गेली की परत येईना. आणि आली तरी आधीच्या वाचकानं पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं असायचं, ‘खुनी : माळी’. यावर आप्पांनी एक तोड काढली. नवीन पुस्तक बांधायला गेलं की बाइंडर युसूफचाचा त्याचा शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, वेगळा काढायचे. तो फर्मा आप्पांच्या कपाटात कुलपात राहायचा आणि किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला. शेवट हवा असेल त्यानं पुस्तक जमा करायचं आणि समोरच्या बाकड्यावर बसून, आप्पांच्या देखत, ती सोळा पानं वाचून परत द्यायची. संध्याकाळी त्या बाकड्यावर वकील, तेली, शाळामास्तर अशी चार-पाच माणसं आपापला शेवट वाचत ओळीनं बसलेली असत, आणि त्यांच्या चेहऱ्यांसारखी करमणूक मी पुढे पुण्याच्या थिएटरातही पाहिली नाही.

घरच्या माणसांनासुद्धा फर्मा मिळत नसे. आणि तिथेच वच्छीला शोध लागला. एके दुपारी त्र्यक्षाची एक कादंबरी वाचताना तिला वाटलं, अरे, हा मोटारीतून फिरणारा कारखानदार म्हणजे आपल्या दुसऱ्या वहीतला राजा, ही त्याची टायपिस्ट म्हणजे दासी, आणि हा धाकटा जावई म्हणजे सेनापती! त्र्यक्ष महाशय त्या जुन्या नाटककाराची नाटकं घेऊन त्यांना पाटलोण चढवत होते. तलवारीच्या जागी पिस्तूल, राजवाड्याच्या जागी बंगला, पण खुनी तोच. एकदा हे कळल्यावर शेवटाची गरजच काय? वच्छी आडावर पाणी भरता भरता शेवट सांगू लागली. मैत्रीण कमळ हिला आधी, मग कमळच्या मावशीला, मग घागर घेऊन जी येईल तिला. बदल्यात चिंचा मिळत, कैरीची फोड मिळे, आणि ‘ही कसं गं ओळखते?’ असे डोळे मिळत. चिंचा ती कमळला देऊन टाकायची. डोळे मात्र सगळे स्वतःला ठेवायची.

ग्रंथालयाचे अध्यक्ष न्हावऱ्याचे मोठे बागायतदार होते. सगळा तालुका त्यांना आबा म्हणायचा. सोसायटी त्यांच्या हातात, शाळेच्या समितीवर ते, आणि त्र्यक्षाचं व्यसन त्यांच्याइतकं कुणालाच नव्हतं. एका बाजारच्या दिवशी ते ग्रंथालयात शिरले ते फेटा हातात घेऊनच.

“आप्पा, ह्ये काय चाललंय? तीन दिस मी त्या बुकाचा शेवट राखून ठिवला. म्हनलं बाजारच्या दिशी निवांत बसून वाचू. आन् काल सून भाकरी वाढता वाढता म्हनती, मामंजी, धाकट्या जावयानंच मारलंय की! माहेरला आली तवा आडावर ऐकलं म्हनं. आडावर!”

आप्पांनी कपाट उघडून दाखवलं. सगळे फर्मे जागच्या जागी होते.

“मंग ऱ्हायलं कोन?” आबा म्हणाले. “फर्मा कापतो कोन? बोलवा युसूफला.”

युसूफचाचांचं दुकान समोरच होतं. हाताला खळ तशीच, ते आले. त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या शिरुरात पुस्तकं बांधत आलेल्या. ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “आबा, मी फर्म्यावरचा आकडा बघतो आन् कापतो. गोष्ट वाचत बसलो तर दिसाला एक बुक बी व्हनार न्हाई.”

“मंग शेवट काय पाय फुटून गेला व्हय आडावर?”

“माझ्या बापानं कुरान बांधलं, पोथ्या बी बांधल्या. कुनाचं पान इकडचं तिकडं झालं न्हाई.”

“बापाचं न्हाई म्हनत मी. तुझं म्हनतोय.”

ही वच्छी त्या वेळी कपाटामागे उभी होती. एक पाऊल पुढे टाकून ‘मी’ एवढंच म्हणायचं होतं. तिनं टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांकडे येणारं ग्रंथालयाचं काम बंद झालं. मग शाळेनं हजेरीपुस्तकं परत नेली, मग सोसायटीनं दप्तरं. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. काम फक्त उचलून नेलं. आडावरच्या बायकांना खरं माहीत होतं, पण त्यांच्यातली कुणी आबांपुढे येऊन बोलणारी नव्हती. चाचांची हातोडी, जी सकाळपासून पुस्तकांच्या कण्यावर टकटक चालायची, ती थांबली आणि आमच्या आळीला एकदम बहिरेपण आल्यासारखं झालं. मी सहा दिवस त्या दुकानावरून शाळेत गेले. मनाशी म्हणायची, बोलले तर आबा म्हणतील बापाची किल्ली चोरली. आप्पांची जागा जाईल. हे खरंच होतं. पण एवढंच खरं नव्हतं, ते पुढे येईल.

सहाव्या संध्याकाळी आई ताटं वाढता वाढता म्हणाली, “युसूफभाई उद्या दौंडला निघाले बहिणीकडे. तिचा नवरा रेल्वेत आहे, स्टेशनावर हमालीचं बघतो म्हणालाय. या वयात हमाली! पाठ कशी ती, कमानीसारखी झालेली.”

माझा घास तोंडातच राहिला. “शेवट मी सांगितले,” मी म्हणाले.

आप्पांचा हात आपोआप कमरेकडे गेला. किल्ली होती.

“किल्ली नाही घेतली आप्पा. वह्या वाचल्या.” आणि मग राजा, कारखानदार, सेनापती, जावई असं सगळं भडाभडा सांगितलं. आप्पा ऐकत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि नेहमीपेक्षाही हळू विचारलं, “आणि तू सहा दिवस गप्प होतीस?”

 आईनं माझ्या ताटातली भाकरी उचलून टोपलीत परत ठेवली. एवढं मोठं तिनं मला कधी काही सुनावलं नव्हतं.

सकाळी आप्पा मला घेऊन न्हावऱ्याला आबांच्या वाड्यावर गेले. आबांनी सगळं ऐकलं आणि हसले, पण बरं हसले नाहीत. “फर्मा न वाचता पोरगी शेवट सांगती, आन् मी ह्ये मानू? किल्ली तुमच्या कमरंला, पोरगी तुमच्या घरात. आप्पा, जरा इचार करून बोला.” मग पान लावता लावता त्यांना काहीतरी सुचलं. “शुक्रवारी दौंडला नवं बुक येतंय. अजून कुनी बघितलं न्हाई. मी सवता फर्मा काढीन, माझ्या खिशात ठिवीन. पोरीनं बाकीचं वाचावं आन् खुनी सांगावा. बरोबर आली तर युसूफला मी सवता घिऊन येतो. चुकली तर युसूफ हमाली करील आन् किल्ली तुम्ही माझ्या हातात द्याल. कबूल?”

आप्पा म्हणाले, “कबूल.” मी तर चेहऱ्यावर दया आणून आबांकडे बघत होते. बिचाऱ्यांचा आणखी एक शेवट फुकट जाणार.

शुक्रवारी आम्ही दौंडच्या मुसाफिरखान्यात बसलो. आबा, आप्पा, मी, आणि बहिणीच्या घरून बोलावलेले युसूफचाचा. त्यांनी येताना आपल्या हत्यारांची पिशवी बरोबर आणली होती. घरात पोरं हात लावतात म्हणाले. गाडीनं आलेला पुस्तकांचा गठ्ठा फुटला, आबांनी नवं पुस्तक घेतलं आणि शेवटचा फर्मा धरून ओढला.

“असा फाडू नका आबा, शिवन तुटंल, आना इक—” म्हणत चाचांनी हात पुढे केला, आणि मध्येच त्यांना आठवलं. हात त्यांनी मागे घेतला आणि पाठीमागे बांधून ठेवला. आबांनी ते पाहिलं. फर्मा वेडावाकडा फाटून निघाला आणि कोटाच्या आतल्या खिशात गेला.

मी वाचायला बसले. बाहेर इंजिनं मागं-पुढं होत होती, डब्यांना डबे धडकत होते, कोळशाची कणी पानांवर येऊन बसत होती. वीस पानांत मी ओळखलं. म्हातारा गिरणीमालक झिजत झिजत मरतो. भोवती दुसरी बायको, भाऊ, जुना मुनीम आणि रडवेला म्हातारा डॉक्टर. ही तर आमची चौथी वही! राजा, धाकटी राणी, राजबंधू, दिवाण आणि राजवैद्य. मी मुद्दामच सावकाश पानं उलटली, मधे एकदा चहा घेतला, आणि पन्नास पानं राहिली असताना पुस्तक मिटलं.

“समदं वाच की,” आबा म्हणाले.

“गरज नाही. मुनीम.”

त्या मुलीला आज मी हाताला धरून बाकड्यावर बसवलं असतं आणि म्हटलं असतं, बये, दोन माणसांची भाकरी तुझ्या जिभेवर आहे, पन्नास पानं वाच. पण तिनं ऐकलं असतं असं वाटत नाही.

आबांनी फर्मा काढला. ओळींवरून बोट फिरवत, ओठ हलवत ते वाचू लागले. ते एका पानाला इतका वेळ घेत की मधे एक मालगाडी येऊन गेली. शेवटी त्यांनी बोट टेकवलं. “डाक्टर.”

“नाही,” मी म्हणाले.

“बघ की मंग.”

मी वाचलं. डॉक्टरच होता. पानावरची अक्षरं जागची हलली नाहीत, पण मला मात्र बाकडं हलल्यासारखं वाटलं. आप्पांकडे बघायची हिंमत झाली नाही. युसूफचाचा उठले, तांब्यात पाणी आणलं. “पी पोरी,” एवढंच म्हणाले.

परतीच्या एस. टी.त आबांनी चाचांनाही बसवलं. “तुझा हिशोब बी शिरुरातच संपवू, दुकानाची किल्ली जागामालकाला दे.” मी खिडकीच्या गजाला कपाळ लावून बसले होते. शेजारी आप्पा डोळे मिटून पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं काही म्हणताहेत. मग कानावर शब्द आले. ते चौथी वही म्हणत होते, पहिल्या अंकापासून. न्हावरं आलं. आबा आपल्या गावात उतरले नाहीत. किल्लीसकट कपाट ताब्यात घ्यायला पुढे निघाले होते. गाडी सुटली, आणि आप्पांचं पुटपुटणं एकदम थांबलं. ते उठून उभे राहिले, वरचा दांडा धरला आणि बोलले. मोठ्यानं! माझ्या जन्मात पहिल्यांदा मी माझ्या बापाचा आवाज ऐकला. जाड, चांगला आवाज होता.

“आबा, चूक पोरीची नाही. माझी आहे.”

अख्खी गाडी मागे वळून बघू लागली.

“आमच्या कंपनीचे मालक राजवैद्य व्हायचे. मूळ नाटकात विष घालतो तो राजवैद्यच. पण गावोगाव मालकांना जेवायची आमंत्रणं यायची, आणि एका गावात बायकांनी सांगितलं, विष घालणाऱ्याला आमच्या पंगतीत बसवणार नाही. मालक उपाशी परतले. त्याच रात्री मला म्हणाले, शेवटचा अंक बदला, खून दिवाणाच्या गळ्यात घाला. मी बदलला. एवढ्या मोठ्या नाटककाराचा अंक, मी, या हातानं! आजवर कुणाला सांगितलं नाही. पोरीनं माझी वही वाचली. त्र्यक्षानं छापील नाटक वाचलंय.”

“आन् ह्ये मी कशावरनं मानू?”

“छापील नाटक ग्रंथालयाच्या कपाटात आहे.”

“मंग तुमचा बदल इतक्या वर्सांत कुनाच्याच ध्यानात आला न्हाई व्हय? कुनीतरी वाचलं आसंल की त्ये.”

“कुणीही नाही,” आप्पा म्हणाले. “बघाल तुम्ही.”

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. कुणा दात्यानं दिलेला त्या नाटकांचा संच वरच्या फळीवर होता. आप्पांनी एक पुस्तक काढून आबांच्या पुढ्यात ठेवलं. जुन्या छपाईच्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेली असतात, सुरीनं फोडल्याशिवाय वाचता येत नाहीत. इथे पहिल्या अंकापासून शेवटापर्यंत एकही पान फोडलेलं नव्हतं. आप्पांनी टेबलावरची लाकडी पट्टी घेतली, पण ती बोथट होती. पान फाटलं असतं. आबांनी क्षणभर पट्टीकडे पाहिलं, मग युसूफचाचांच्या पिशवीकडे.

“युसूफ,” ते म्हणाले, “तू फोड.”

चाचांनी घाई केली नाही. हात धोतराला पुसले, सुरी काढली, शेवटच्या अंकाची पानं एकेक करून फोडली. प्रत्येक घडीला कागद सर्र वाजत होता. मग पुस्तक आबांच्या पुढे सरकवलं आणि ते मागे होऊन उभे राहिले.

आबांनी वाचलं. “राजवैद्य म्हनतो, ‘महाराज, मी औषधच दिलं. मात्रा तेवढी माझी होती.’” मग खिशातला फर्मा उलगडला. “डाक्टर म्हनतो, ‘शेठजी, मी औषधच दिलं. डोस तेवढा माझा होता.’” मग आप्पांची वही मागवली. तिथे आप्पांच्या वळणदार अक्षरात दिवाण रडत होता. आबांनी तिन्ही शेजारी शेजारी ठेवलं आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. वाचून झाल्यावर फेट्याचा शेमला नीट केला.

“लई चोर मानूस दिसतोय ह्यो त्र्यक्ष,” ते अखेर म्हणाले. मग भिंतीकडे बघत, “युसूफ, सोसायटीची दप्तरं उद्या मी सवता आनतो. शाळंला बी सांगतो.”

“आना,” चाचा म्हणाले. “पर आबा, अर्धं बुक आता मी बांधनार न्हाई. शेवटासकट आसंल तर बांधीन.”

आप्पांनी तिथेच मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून फर्मे पुस्तकात गेले.

त्या सकाळी आईनं थालीपिठं बांधून मला चाचांच्या दुकानात पाठवलं. पाठ करून नेलेलं वाक्य मी म्हटलं, “चाचा, मी भ्याले होते. आप्पांची जागा जाईल म्हणून बोलले नाही.”

ते सुईत दोरा ओवत होते. “त्ये कळलं मला. बापासाठी भ्यायला कुनाची हरकत न्हाई. पर सहा दिस तू हितनं शाळंला जायचीस. मान खाली घालून न्हाई, फुगून जायचीस. माझ्यावरच रागावल्यावानी. त्ये कशापायी?”

इतक्या बारकाईनं कुणी मला वाचलं असेल असं वाटलं नव्हतं. खोटं सुचलं होतं, दोन-तीन सुचली होती. पण बोलून गेले ते खरंच, “सगळे म्हणत होते, शेवट युसूफ फोडतो. ओळखत होते मी, आणि नाव तुमचं होत होतं.”

चाचांचा हात थांबला. मग ते हसले. खोकला येईपर्यंत हसले, डोळ्यांना पाणी आलं, ते बाहीला पुसलं. मीही हसायला लागले, सुटल्यासारखी. मग त्यांनी हसणं आवरलं, थालीपिठांचं फडकं सोडून घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

“आईला म्हनावं, चांगली झालीत,” ते म्हणाले, आणि हातोडी उचलून कामाला लागले.

मी थोडा वेळ उभी राहिले. मला वाटलं होतं, बस म्हणतील. पुढे दोन वर्षं, माझं लग्न होईपर्यंत, त्या दुकानात मी कितीदा तरी गेले. ते नेहमी नीट बोलले, आईची खुशाली विचारली, आप्पांच्या खोकल्याला औषध सुचवलं. पण बस म्हणाले नाहीत. आणि मीही आपणहून बसले नाही.